यंत्र आयडल, माणूस रिकामटेकडा

पालघर जिल्ह्यात, तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्यात पाळी ऐन भरात असताना लाइट गेली, किंवा मागच्या खात्यातून माल आला नाही, की दोघं एकदम थांबतात: यंत्र आणि त्या यंत्रावरचा कामगार. थांबण्याचं कारण एकच, वेळ एकच, पुन्हा सुरू होण्याचा क्षणही एकच. तरी दोघांबद्दल बोलण्याची तऱ्हा निराळी असते. यंत्राची नोंद उत्पादनाच्या तक्त्यात होते: 'मशीन आयडल, ११.१० ते ११.५०'. त्याच ओळीत पुढे कारणाचा रकाना असतो आणि तो कोरा ठेवून चालत नाही. लाइट नाही, माल नाही, टूल बदललं, सेटिंग चालू, असं काहीतरी त्यात भरावंच लागतं. कामगाराबद्दल मात्र जाता-जाता शेरा पडतो, 'रिकामा बसलाय'. या शेऱ्याला कारणाचा रकाना नसतो. ऐकणारा कारण मनानंच भरतो, आणि बहुतेक वेळा ते त्या माणसाच्या स्वभावात शोधतो.

इंग्रजीत 'आयडल' हा एकच शब्द यंत्राला, इंजिनाला, पडीक जमिनीला, बँकेत पडून राहिलेल्या पैशाला आणि माणसालाही लागतो. गाण्याच्या स्पर्धेतला 'आयडल' वेगळा. तो मूर्तीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून आला आणि देवनागरीत दोघांचं लेखन सारखं झालं, एवढंच. आपला 'आयडल' म्हणजे काम नसलेला. यंत्राला लावला तर ते नुसतं वर्णन ठरतं, माणसाला लावला तर आरोप होतो. एका शब्दात वर्णन आणि आरोप शेजारी कसे नांदू लागले हे पाहिलं, तर आपल्या 'रिकामा' या शब्दाकडेही नीट पाहता येतं. माझं म्हणणं असं, की 'आयडल' हा वस्तूचा किंवा माणसाचा अंगचा गुण नाही. हिशेब ठेवणाऱ्यानं मारलेला तो शेरा आहे, आणि हिशेब कोणाचा हे विचारल्याशिवाय त्याचा अर्थ पुरा होत नाही.

आधी होती ती नुसती पोकळी

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत या शब्दाचं रूप होतं 'ईडेल', आणि त्याचा पहिला अर्थ होता रिकामा, पोकळ, ओसाड. बायबलच्या आरंभी, सृष्टी घडण्यापूर्वीच्या निराकार पृथ्वीचं वर्णन आहे. इसवी सन १००० च्या सुमाराला ऐल्फ्रिक नावाच्या धर्मोपदेशकानं ते इंग्रजीत उतरवलं तेव्हा पृथ्वीसाठी त्यानं हाच शब्द वापरला. पृथ्वी काम चुकवत होती असं त्याला म्हणायचं नव्हतं. तिच्यावर अजून काही नव्हतं, इतकंच. पुढे शेक्सपिअरचा ऑथेल्लो आपल्या प्रवासातल्या वाळवंटांचं वर्णन करतो तेव्हाही वाळवंटांना हेच विशेषण लागतं. तिथे त्याचा अर्थ 'उजाड' असाच आहे. जर्मनमधला या शब्दाचा भाऊ 'आइटल' वेगळ्या वाटेनं गेला आणि 'पोकळ डौल मिरवणारा' या अर्थाला पोचला. इंग्रजीतही पोकळ धमकी, पोकळ बडबड अशा जोड्यांत हा शब्द अजून जुन्या अर्थानंच येतो.

पोकळ असणं आणि काम नसणं या दोन कल्पना भाषेत किती जवळ राहतात, याचा याहून नवलाचा पुरावा 'एम्प्टी' या शब्दात आहे. आज त्याचा अर्थ रिकामा. पण जुन्या इंग्रजीत सवडीला, फुरसतीला 'एमेट्टा' म्हणत, आणि त्यावरून झालेला 'एम्टिग' म्हणजे ज्याला सवड आहे असा माणूस. लग्न न झालेल्या माणसालाही तो लावत, कारण त्याच्यामागे संसाराचा व्याप नसे. म्हणजे जो शब्द पोकळीसाठी जन्मला तो सवडीकडे गेला, आणि जो सवडीसाठी जन्मला तो पोकळीकडे. वाटेत दोघांनी जागांची अदलाबदल केली.

मराठीला ही अदलाबदल करावी लागली नाही. संस्कृत 'रिक्त'वरून आलेल्या 'रिकामा'त दोन्ही अर्थ एकत्र आहेत. मोल्सवर्थच्या एकोणिसाव्या शतकातल्या मराठी-इंग्रजी कोशात या शब्दाखाली पोकळ भांडंही आहे आणि बिनकामाचा माणूसही. डबा रिकामा, खोली रिकामी, आणि 'जरा रिकामी झाले की फोन करते' म्हणणारी बाईही रिकामी. या शेवटच्या वाक्यात दोषाचा वासही नाही. उलट कामाचा ढीग उपसून मोकळं झाल्याचा सुस्कारा आहे. दोष द्यायचा असेल तर मराठी माणूस शब्दाला शेपूट जोडतो: रिकामटेकडा, रिकामटवळा. रिकामेपण ही एक अवस्था आणि तिच्यावरचा ठपका ही वेगळी गोष्ट, हा फरक भाषेनं स्वतःच राखून ठेवला आहे. 'रिकामा बसलाय' या शेऱ्यात शेपूट दिसत नाही, पण आवाजाच्या चढउतारात ते जोडलेलं असतं.

ठपका कोणी जोडला

इंग्रजीत काम न करणाऱ्याला दोष देणं जुनंच आहे. धर्मानं आळसाला पापांच्या यादीत बसवलं होतं. पण रिकाम्या माणसाला कायद्यानं हात घातला तो एका विशिष्ट वेळी, आणि ती वेळ लक्षात ठेवण्यासारखी आहे. १३४८ मध्ये प्लेग इंग्लंडात पोचला आणि लोकसंख्येचा फार मोठा भाग गेला. शेतं तशीच होती, राबणारे हात मात्र कमी झाले. उरलेल्यांना जास्त मजुरी मागता येऊ लागली. पटली नाही तर दुसऱ्या गावी जाता येऊ लागलं. जून १३४९ मध्ये तिसऱ्या एडवर्डनं फर्मान काढलं. साठीच्या आतला जो कोणी धडधाकट आहे आणि ज्याच्याकडे जमीन किंवा धंदा नाही, त्यानं जो बोलावील त्याच्याकडे, प्लेगपूर्वीच्याच मजुरीवर, कामाला गेलं पाहिजे. धडधाकट भिकाऱ्याला भीक घालणंही या फर्मानानं बंद केलं. या माणसांना काम नको होतं असं मानायला फारसा आधार नाही. त्यांना जुन्या दरानं काम नको होतं. नव्या दराची वाट पाहत थांबलेला मजूर मालकाच्या हिशेबात मात्र रिकामा आणि गुन्हेगार ठरला.

त्यानंतरची पाच शतकं इंग्लंडचे कायदे याच वाटेवर चालले. १५४७ च्या कायद्यानं काम न करता भटकणाऱ्याला डागून दोन वर्षं गुलाम करण्याची मुभा दिली. तो इतका क्रूर होता की लवकरच रद्द करावा लागला. १८२४ च्या भटकेगिरीविरुद्धच्या कायद्यात 'आयडल' हा शब्द थेट गुन्ह्याच्या नावातच बसला: आयडल आणि बेशिस्त व्यक्ती. शिक्षा, महिनाभरापर्यंत सक्तमजुरी. परवान्याशिवाय फिरून माल विकणारा फेरीवालाही या वर्गात मोडे. दिवसभर डोक्यावर गाठोडं घेऊन पायपीट करणारा माणूस कायद्याच्या भाषेत आयडल, यावरून शब्द श्रमाबद्दल बोलत नव्हता हे उघड होतं. कोणाच्या तरी वहीत नाव नसलेले श्रम त्याला दिसतच नव्हते.

या विचाराची सावली आपल्याकडेही पडली. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्यानं भीक मागण्याच्या व्याख्येत, उपजीविकेचं दिसेल असं साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणारा किंवा थांबून राहणारा माणूसही घातला, जर त्याच्या अवस्थेवरून तो भिकेवर जगत असावा असं वाटत असेल तर. 'दिसेल असं' या दोन शब्दांत सगळं आलं. हाच कायदा दिल्लीत लागू होता, आणि तिथल्या उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये भिकेला गुन्हा ठरवणारी त्यातली कलमं घटनाबाह्य ठरवली.

चौकट: एका शब्दाचा प्रवास

पोकळ, ओसाड: पृथ्वी, वाळवंट.
व्यर्थ: धमकी, बडबड.
हाती काम नसलेला: माणूस.
काम टाळणारा: तोच माणूस, मालकाच्या किंवा कायद्याच्या नजरेतून.
चालू, पण भार नसलेला: इंजिन (हा अर्थ विसाव्या शतकातला).
जवळचा शब्द 'लॉयटर', म्हणजे रेंगाळणं: डच भाषेतल्या, सैल झालेली वस्तू डुगडुगण्याच्या क्रियापदावरून.
जवळचा शब्द 'लोफर': १८३० च्या दशकात अमेरिकेत रुळला तेव्हा नुसता रिकामटेकडा, मराठीत येता-येता वाह्यात आणि गुंड.

मराठीत ठपका नव्हता का?

यावर कोणी म्हणेल, की हे इंग्रजांचं झालं, पण आपणही रिकाम्याला कधी डोक्यावर घेतलेलं नाही. दासबोधात समर्थांनी सदैव माणसाचं लक्षण सांगताना एकही क्षण रिकामा न दवडण्याचाच उपदेश केला आहे. हे खरं आहे, आणि त्याला उत्तर देणं भाग आहे. माझ्या मते तिथे हिशेब ठेवणारा बदलतो. समर्थ ज्याला सांगतात त्याच्याच वेळेचा हिशेब त्याच्याच हाती देतात. क्षण त्याचा, तो भरायचा कशानं हेही त्यानं ठरवायचं, आणि न भरल्याचं नुकसानही त्याचंच. १३४९ च्या फर्मानात वेळ मजुराचा आणि हिशेब जमीनदाराचा होता. उपदेश आणि हुकूम यांच्यातलं हे अंतर फार मोठं आहे.

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, ही म्हणही या संदर्भात पुन्हा वाचावी. तुंबडी लावून अशुद्ध रक्त काढणं हे पूर्वी न्हाव्याचं काम होतं. म्हणीतला न्हावी आळशी असता तर पाय पसरून झोपला असता. त्याचं हत्यार हातात आहे, हात शिवशिवत आहेत, फक्त गिऱ्हाईक नाही. म्हण त्याला हसते हे खरं, पण त्याच्या रिकामेपणाचं कारण तीच आपल्याला सांगून जाते.

दुसरा आक्षेप शब्दार्थाबद्दलचा. एखाद्या शब्दाचा हजार वर्षांपूर्वी काय अर्थ होता यावरून आजचा अर्थ ठरत नाही, असं भाषातज्ज्ञ बजावतात आणि ते बरोबर आहे. आज आयडल म्हणजे पोकळच म्हणा, असा आग्रह इथे नाही. शब्दाच्या इतिहासाचा उपयोग वेगळा आहे: एके काळी ठपका नव्हता हे कळलं, की तो कधी, कोणी आणि कशासाठी जोडला हे विचारता येतं.

बंद अणुभट्टीला पाणी का लागतं

आता जरा यंत्रांकडे वळू, कारण आयडल या शब्दाची खरी परीक्षा तिथे होते. यंत्रानं आपल्या बाजूनं काही सांगायचं नसतं. ते थांबलं म्हणजे रिकामं झालं, असं आपण बिनदिक्कत धरून चालतो. गॅरेजात गाडीचं आयडलिंग सेट करतात तेव्हा काय करतात ते पाहा. गिअर न्यूट्रलला, चाकं स्थिर, तरी इंजिन मिनिटाला सात-आठशे फेरे घेत राहतं. या फेऱ्यांतून गाडी इंचभरही पुढे जात नाही. पण पेट्रोल-डिझेलचं इंजिन विजेच्या मोटारीसारखं शून्यातून स्वतः उठत नाही. सिलिंडरमधली हवा दाबून धरायला आधीच्या फेऱ्यांचा जोर लागतो, आणि वेग फार उतरला की ते दम तोडून बंद पडतं. आयडल इंजिन जे इंधन जाळतं ते स्वतःला जिवंत ठेवण्यासाठी, म्हणजे पुढच्या कामाला तयार राहण्यासाठी. कारखान्यातल्या पट्ट्यांवर आणि दातेरी चाकांत 'आयडलर' नावाचा भागही असतो. त्याला स्वतःची मोटार नसते. कन्व्हेयरखालचे हे रोलर नुसते फिरतात, पण ते काढले तर भरलेला पट्टा झोळीसारखा खाली येईल. दोन दातेरी चाकांच्या मधे बसवलेला आयडलर वेगाचं प्रमाण तिळभर बदलत नाही, मात्र पुढच्या चाकाची दिशा उलटवतो. नाव आयडल, आणि त्याच्याशिवाय यंत्र चालत नाही.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण तारापूरच्या किनाऱ्यावर उभं आहे. तारापूर अणुवीज केंद्राचे पहिले दोन संच २८ ऑक्टोबर १९६९ ला व्यापारी तत्त्वावर सुरू झाले. भारतातली ही पहिली अणुवीज. पुढे ५४० मेगावॉटचे आणखी दोन संच २००५ आणि २००६ मध्ये आले. जुने दोन संच २०२० मध्ये नूतनीकरणासाठी थांबवण्यात आले. वीज मोजणाऱ्याच्या वहीत थांबलेल्या संचापुढे शून्य पडतं. पण अणुभट्टी थांबवली म्हणजे युरेनियमचे अणू फुटण्याची साखळी थांबते. आधी फुटलेल्या अणूंचे जे तुकडे इंधनात साठलेले असतात ते किरणोत्सर्गी असतात आणि आपापल्या गतीनं विघटित होत उष्णता देत राहतात. चूल विझवल्यावरही निखारे धगधगत राहावेत, तसं. फरक इतकाच की निखारे पाणी मारून विझतात. ही धग कोणत्याही उपायानं विझवता येत नाही, फक्त वाहून नेता येते.

आकडे पाहिले म्हणजे तिचा अंदाज येतो. ५४० मेगावॉट वीज देणाऱ्या भट्टीत उष्णता सुमारे १७०० मेगावॉट तयार होते, कारण उष्णतेचा तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच विजेत उतरतो. भट्टी बंद केल्या क्षणी या उष्णतेच्या सहा-सात टक्के, म्हणजे शंभर मेगावॉटच्या वर, उष्णता निघतच असते. तासाभरानं ती दीड टक्क्याच्या आसपास येते, दिवसानंतर अर्ध्या टक्क्याच्या. अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, पण तो आठ मेगावॉट भरतो. म्हणून बंद भट्टीलाही पाणी फिरवत ठेवावं लागतं, पंप चालू ठेवावे लागतात, पंपांना वीज लागते, आणि पाळीवर माणसं लागतात. मार्च २०११ मध्ये जपानच्या फुकुशिमात भूकंपाच्या धक्क्याबरोबर चालू भट्ट्या ठरल्याप्रमाणे आपोआप बंद झाल्या होत्या. तारापूरच्या जुन्या संचांप्रमाणे त्याही उकळत्या पाण्याच्या प्रकारच्या. त्सुनामीनं पंपांची वीज तोडली आणि त्या 'बंद' भट्ट्यांमधलं इंधन वितळलं. थांबलेल्या यंत्राला रिकामं समजणं किती महागात पडू शकतं याचा याहून मोठा दाखला मला माहीत नाही.

पूर्ण व्यग्र काटा आणि ट्रकांची रांग

इथे एक व्यावहारिक शंका येते. तयारीत राहण्याची गरज समजली, पण कारखाना म्हणजे धर्मशाळा नव्हे; शक्य तितकं रिकामेपण काढून टाकणं हाच चांगला कारभार नाही का? याचं उत्तर गणितात आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर एरलांग या डॅनिश गणितज्ञानं १९०९ मध्ये फोनच्या रांगांचा अभ्यास सुरू केला, आणि पुढे त्यातून रांगांचं एक शास्त्रच उभं राहिलं.

औद्योगिक वसाहतीतला एक वजनकाटा धरू. ट्रक ठरलेल्या वेळी येत नाहीत, कधी एकापाठोपाठ एक तर कधी बराच वेळ कोणीच नाही. प्रत्येकाला लागणारा वेळही कमी-जास्त, सरासरी पाच मिनिटं. काटा निम्मा वेळ रिकामा राहत असेल, तर येणाऱ्या ट्रकला सरासरी पाच मिनिटं थांबावं लागतं. मालकानं काटा ८० टक्के वेळ कामात राहील इतक्या गाड्या वळवल्या, तर थांबणं वीस मिनिटांवर जातं. ९० टक्क्यांना पंचेचाळीस मिनिटं, आणि ९५ टक्क्यांना दीड तासाच्या वर. काटा कधीच रिकामा ठेवायचा नाही असं ठरवलं तर रांगेला अंतच उरत नाही. कारण सोपं आहे: रिकामं गेलेलं मिनिट पुढच्या गर्दीसाठी साठवून ठेवता येत नाही, आणि गर्दीत साचलेली रांग ओसरायला मोकळी मिनिटंच लागतात. काट्याच्या मालकाला जे रिकामेपण दिसतं ते रांगेतल्या ड्रायव्हरांच्या वाट्याला आलेला वेळ असतो. काटा पूर्ण व्यग्र झाला म्हणजे रिकामेपण संपत नाही. ते काट्यावरून उठून रस्त्यावरच्या ट्रकांत जाऊन बसतं.

कारखान्याचे हिशेबनीस हे जाणतात. कॉस्टिंगमध्ये आयडल वेळेचे दोन भाग करतात. दोन कामांमधली मोकळीक, सेटिंग, चहाची सुट्टी हा नेहमीचा भाग मालाच्या किमतीतच धरतात, कारण त्याच्याशिवाय माल तयार होत नाही. वीज जाणं, यंत्र मोडणं हा अवचित भाग नफा-तोट्याच्या खात्यात टाकतात. म्हणजे यंत्राचं रिकामेपण नुसतं नोंदवत नाहीत, त्याची प्रतवारीही करतात.

सातपाटीचे ६१ दिवस

यंत्राहून माणसाचं रिकामेपण गुंतागुंतीचं आहे, आणि ते समजून घ्यायला पालघरपासून दूर जायला नको. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, राज्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. समुद्र खवळलेला असतो आणि पुष्कळ जातींच्या माशांचा हा विणीचा काळ. पापलेटसाठी नावाजलेल्या सातपाटीत बोटी वर ओढून शाकारल्या जातात. बोटीसाठी कर्ज दिलेल्या बँकेच्या नजरेत ती उत्पन्न न देणारी मालमत्ता आहे. पण याच दिवसांत फाटलेली जाळी सांधली जातात, लाकडाच्या फटी बुजवल्या जातात, इंजिन उघडून दुरुस्त होतं, रंग लागतो. आणि पाण्याखाली, कोणी हात न लावता, पुढच्या हंगामाचा मासा वाढतो. बंदीच्या दिवसांत चोरून जाळी टाकणारी बोट वहीत कामाची दिसेल, पण ती पुढच्या वर्षीच्या पकडीतूनच उचल घेत असते.

वेठीचे दिवस

जिल्ह्याच्या पूर्वेला, डोंगराच्या बाजूला, रिकामेपणाचा इतिहास कडू आहे. हा मुलूख पूर्वी ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. १९३० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारसाठी आदिवासींच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या डी. सायमिंग्टन या अधिकाऱ्यानं इथल्या वेठीची नोंद केली आहे. मालकाला गरज असेल तितके दिवस कुळानं त्याच्याकडे राबायचं, मोबदला फार तर दिवसाला एक आणा, आणि नकार दिला किंवा टाळाटाळ केली तर मार. या 'टाळाटाळी'कडे नीट पाहावं. वारली आदिवासी कुळाची लावणी आणि मालकाची लावणी एकाच पावसात येते. आपलं खाचर सोडून मालकाच्या खाचरात जायला जो उशीर करतो तो आळशी कसा? त्याचं काम त्याच्यासमोर पडलेलं असतं. मालकाच्या वहीत मात्र त्या कामाला रकानाच नसतो.

मे १९४५ मध्ये झरीला किसान सभेच्या परिषदेत वारल्यांनी वेठ बंद करायचं ठरवलं. सभेचे नेते गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्याबरोबर होते. त्याच वर्षी गवत कापणीच्या हंगामात मजुरांनी ५०० पौंड गवताला अडीच रुपये दर मागितला आणि तो मिळेपर्यंत कापणीला हात लावला नाही. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला. त्यात पाचजण मारले गेले. गोदावरीबाईंनी हा सगळा लढा १९७० मध्ये 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहून ठेवला. १३४९ च्या इंग्लंडातला मजूर आणि १९४५ चा वारली यांच्यात सहाशे वर्षांचं अंतर असलं तरी दोघंही एकाच कारणासाठी थांबले होते, दरासाठी. थांबणं ही त्यांची एकमेव ताकद होती.

माणसासाठी कारणाचा रकाना

काही माणसं खरंच काम टाळतात, त्यांचं काय, असा प्रश्न उरतो. कारण विचारल्यानं त्यांना सूट मिळत नाही. यंत्राच्या तक्त्यातही 'कामगार गैरहजर' असं कारण लिहिता येतं आणि लिहिलं जातं. इतर कारणं तपासल्यावर ते उरलं तर तो ठपका रास्त असतो. हरकत आहे ती बाकी रकाने न वाचता थेट तिथे पोचण्याला.

माणसाच्या रिकामेपणाला असा रकाना देण्याचा प्रयत्न आपल्या कायद्यांनी केला आहे. औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ मध्ये ले-ऑफची तरतूद आली. तिची व्याख्या वाचताना कारखान्याचा तक्ताच समोर येतो: कोळसा, वीज किंवा कच्चा माल नसणं, माल साठून राहणं, यंत्र मोडणं, नैसर्गिक आपत्ती. या कारणांनी मालक काम देऊ शकला नाही तर वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई. अट अशी, की त्यानं ठरल्या वेळी रोज एकदा तरी कारखान्यात हजर व्हायचं. म्हणजे काम नसलं तरी त्याची तयारी दिसली पाहिजे, आणि त्या तयारीचे पैसे. मात्र ५० पेक्षा कमी कामगारांचे कारखाने आणि हंगामी उद्योग या तरतुदीबाहेर राहिले, बदली आणि नैमित्तिक कामगारांनाही ती लागू झाली नाही. लहान कारखान्यांच्या आणि ठेकेदारामार्फत काम चालणाऱ्या वसाहतीत ही वगळणूक फार मोठी आहे. तिथे लाइट गेली की यंत्राच्या नोंदीत कारण पडतं आणि माणसाचा दिवस कोरा जातो.

दुसरा प्रयत्न महाराष्ट्राचाच. १९७२ च्या दुष्काळाच्या काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर पसरली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. इंग्लंडच्या १८२४ च्या कायद्यात काम नसलेला माणूस शिक्षेला पात्र होता. इथे काम मागूनही १५ दिवसांत ते मिळालं नाही तर सरकारनं त्याला बेकारभत्ता द्यायचा. २००५ च्या केंद्रीय कायद्यात हा भत्ता पहिल्या ३० दिवसांना मजुरीच्या निदान चौथा हिस्सा आणि पुढे निदान निम्मा ठरला. भाताची कापणी आटोपल्यावर जव्हार-मोखाड्याकडची कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर निघून जातात, ती गावात काम नसतं म्हणून. त्यांच्यासाठी अशा हमीच्या कायद्यातला सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे काम मागितल्याच्या अर्जाची तारखेसह पोच. तोंडी काम मागून पोच घेतली नाही तर दफ्तरी मागणीची नोंद राहत नाही, आणि मागणी नसेल तर भत्त्याचा प्रश्नच उठत नाही. पोचेवर तारीख पडली की १५ दिवस मोजायला सुरुवात होते, आणि सोळाव्या दिवसापासून रिकामा का, याचं उत्तर सरकारला द्यावं लागतं.